पंख्याचं निरंतर

४ मार्च, मंगळवार

आई गायली! काल दुपारी, मी हापिसात असताना. एक अख्खी ओळ. थेरपिस्टबाईंनी आज सकाळी फोनवर दुजोरा दिला — "सुरात होती, शब्द सगळे आले, मी स्वतः ऐकलं." त्या हजर होत्या. ही हजर होती. मी पान दोनवर पाणीकपातीची बातमी कापत बसलो होतो.

डिसेंबरात झटका आल्यापासून आईजवळ एकच शब्द उरलाय — "तेच." चहा हवा? तेच. खिडकी लावू? तेच. राग आला तरी तेच, फक्त जोरात. कळतं सगळं, बोलता येत नाही. बाई पहिल्यापासून सांगत होत्या की बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी असते. म्हणून मी रोज सकाळी प्रार्थनामंडळातली जुनी गाणी तिच्याजवळ बसून म्हणतो. तीन महिने म्हणतोय. आई भिंतीकडे बघते.

आणि काल गायली ते कुठलं गाणं? हिने केलेलं!

"देवा, पाणी दे, पाणी दे
ओंजळभर पाणी दे"

इतकंच. याला गाणं म्हणायचं तर नळावरच्या भांडणालाही म्हणावं लागेल.

आनंद झालाच. तो आधी लिहायला हवा होता.

५ मार्च, बुधवार

सकाळी ही लॅबमध्ये गेल्यावर आईला म्हटलं, "चल, म्हणू या. देवा, पाणी दे..." आईने ओठ घट्ट मिटले. पुन्हा म्हटलं. तिने चांगल्या हाताने मला बाजूला सारलं, माशी वारावी तसं.

पाणी प्यायली. न गाता.

९ मार्च, रविवार

मंडळात सगळीकडे पसरलंय. प्रार्थना संपल्यावर बायकांनी हिला घेरलं. चष्मेवाल्यांनी — दुकान चष्म्याचं, रविवारी आमचे कीबोर्डवादक आणि गाण्याच्या बाबतीत सर्वेसर्वा — 'पाणी दे' तिथल्या तिथे वाजवून बघितलं. मग सगळ्यांनी म्हटलं. मागच्या रांगेतल्या मुलांनी म्हटलं. टाळ्या वाजवत!

माझी बावीस गाणी आहेत मंडळाकडे. वृत्तात. एकाही गाण्यावर आजवर कोणी टाळी वाजवलेली नाही. "छान आहे, अर्थ मोठा आहे," म्हणतात आणि कागद घडी घालून खिशात ठेवतात.

घरी येताना ही म्हणाली, "अहो, एवढं काय मनावर घेता? ते गाणं नाही, ते औषध आहे."

मी म्हटलं, "मी काही बोललो का?"

"तेच तर. मंडळापासून इथपर्यंत नाही बोललात."

१२ मार्च, बुधवार

दुसरं आलं. थेरपिस्टबाईंसमोर आईने म्हणून दाखवलं. मला हिच्या फोनवरच्या रेकॉर्डिंगवर समाधान मानावं लागलं.

"देवा, कृतज्ञ मी, कृतज्ञ मी
घासाघासाला कृतज्ञ मी"

आईचा आवाज चिरका आहे, 'ज्ञ'वर धाप लागते, पण आहे. आईचा आवाज! मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तिथे दोनदा ऐकलं.

मग डोक्यात आलं, 'कृतज्ञ' हा शब्द हिचा नाही. ही जन्मात कधी कृतज्ञ म्हणालेली नाही. ही "बरं झालं बाई" म्हणते. हा शब्द माझा आहे. 'ओंजळ'सुद्धा माझीच.

जानेवारीत आई हॉस्पिटलात होती तेव्हा मी एक गाणं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही मुदतीशिवाय लिहिलं. बाकीची कडवी राहू देत, धृपद एवढं —

तुझ्या प्रांगणी कृतज्ञ ओंजळ घेऊन आहे उभा,
अंतरी दिसो निरंतर मला तुझी ती मंगल प्रभा.

आईजवळ बसून वाचून दाखवलं होतं. तिने ऐकलं, तोंड फिरवलं आणि रडायला लागली. नर्स मला म्हणाली, पेशंटला त्रास देऊ नका. तेव्हापासून ते गाणं मी घरात काढलेलं नाही. चष्मेवाल्यांकडे मात्र दिलंय, वर्धापनदिनासाठी. दर वर्षी त्या दिवशी मंडळ एक नवं गाणं म्हणतं आणि कार्यक्रमपत्रिकेवर करणाऱ्याचं नाव छापतं. आजवर माझं एकदाही छापलं गेलेलं नाही. पत्रिकेची प्रुफं मात्र दर वर्षी मीच तपासतो.

१३ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. लांब राहते, म्हणून सल्ले स्वस्त पडतात.

"मग काय, वहिनी गाणी करायला लागली म्हणे! तुझं दुकान बंद?"

"तिची गाणी म्हणजे... व्याकरण तरी असावं."

"अरे बाळ्या, देव काय संपादक आहे का, कॉपी परत पाठवायला?"

हसली. मीही हसलो. मग म्हणाली, "आई माझ्याशी फोनवर गायली रे काल. पाणी दे." आणि तिचा आवाज फुटला.

तिच्याशी फोनवर! म्हणजे मी सोडून सगळ्यांशी.

१६ मार्च, रविवार

आजचं नवं —

"देवा, गॅलरी माझं प्रांगण
चार कुंड्या माझं अंगण"

मंडळ खूश. आमच्या गॅलरीत चार कुंड्या, एक बादली आणि मोडकी खुर्ची आहे. प्रांगण! आई वॉकर धरून खोलीतून गॅलरीपर्यंत जाते तेव्हा दोघी तालावर म्हणतात म्हणे, पावलागणिक एक शब्द. थेरपिस्टबाई थक्क आहेत. "तुमच्या मिसेस फार विचार करून शब्द निवडतात," म्हणाल्या.

निवडतात! कुठून निवडतात ते मला विचारा.

१८ मार्च, मंगळवार

आज ड्युटीला निघताना जिन्यात होतो. वरून पेटीसारखा बारीक सूर आला, आईचा. चपला काढून हळूच वर गेलो. दार ढकललं, तसा आवाज बंद! आई खुर्चीत, तोंड मिटलेलं, गुन्हा करताना पकडल्यासारखी. ही कपड्यांच्या घड्या घालतेय.

"काय विसरलात?"

"काही नाही. चालू दे ना तुमचं."

"कुठे काय चालू होतं?" म्हणाली ही. आईने हात दाराकडे केला. तेच, तेच.

माझी आई. माझ्या घरातून मला बाहेर काढते.

लहानपणचं आठवलं. आई शाळेत गणित शिकवायची आणि घरीही. मंडळात म्हणायला मला गाणं दिलं की पाठ होईस्तोवर तोंड उघडू द्यायची नाही. "कच्चं वाढू नये आणि कच्चं गाऊ नये." एका वर्षी शेवटची ओळ अडली म्हणून सगळ्यांसमोरून मला खाली बसवलं होतं. स्वतःही तशीच. अर्धवट येणारं गाणं असलं की रांगेत नुसती ओठ मिटून उभी. आणि आता ती बाई कुंड्या-बादल्या गाते, तेही सुनेबरोबर.

हेवा करायला माणसाला लांबचं कोणी तरी लागतं असं मला वाटायचं. चुकीची समजूत. ताटाला ताट लागून बसलेल्याचाच होतो.

२० मार्च, गुरुवार

कळस झाला.

"देवा, पंखा फिरतो निरंतर
तुझ्यामाझ्यात नको अंतर"

निरंतर! माझा निरंतर हिने छताला टांगला! चार दिवस मी तो शब्द त्या ओळीत बसवत होतो, मात्रा जुळत नव्हत्या, 'सदैव' घालून बघितलं, 'अखंड' घालून बघितलं. आणि ही म्हणते पंखा.

जेवताना विषय काढलाच.

"तू माझ्या गाण्यातले शब्द उचलतेस."

"उचलते," म्हणाली. अगदी सरळ. घास चावत.

"का?"

"चांगले आहेत म्हणून." मग पाण्याचा पेला आईच्या हातात देत, "शब्द काय तुम्ही विकत आणलेत? परत करीन की. जसेच्या तसे परत करीन, धुऊन इस्त्री करून."

"हा विनोद नाही."

"नाहीच आहे. 'ज्ञ' म्हणायला शिकवून बघा एखाद्याला, मग कळेल." काही तरी आणखी बोलणार होती. आईने टेबलावर पेला आपटला, पाणी सांडलं. ही फडकं आणायला गेली.

दोघी एक आहेत. मी पाहुणा.

खोटं कशाला लिहू — 'निरंतर'ला 'अंतर' हे यमक चांगलं आहे. माझ्या ओळीत 'अंतरी' आणि 'निरंतर' जवळजवळ होते आणि मला दिसलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

ही दिवसभर लोकांचं रक्त काढते. घरी येऊन माझं.

२३ मार्च, रविवार

चष्मेवाल्यांनी निकाल दिला. प्रार्थनेनंतर मला कोपऱ्यात घेतलं, खांद्यावर हात वगैरे. खांद्यावर हात आला की बातमी वाईट असते, हे तीस वर्षांच्या नोकरीत कळलंय.

"या वर्षी वहिनींचं पंख्याचं घेतोय. सगळ्यांच्या तोंडी बसलंय."

"घ्या की."

"तुमचं राखून ठेवलंय."

"राखून म्हणजे? पुढच्या वर्षाला?"

"तसं नाही हो. गाणं तयार आहे. गाणारं माणूस अजून तयार नाही."

एवढ्या मोठ्या मंडळात माझ्या दोन ओळी म्हणणारं एक माणूस तयार नाही! मी म्हटलं, "सोपं आहे. मीच म्हणतो."

ते दचकले. "नको, नको! तुम्ही नका म्हणू." मग चष्मा काढून पुसत बसले. दुसऱ्यांना नजर देणारा माणूस, मला नजर देईना.

पत्रिकेचं प्रूफ दिलं तपासायला. नव्या गाण्याखाली हिचं नाव. अक्षरं बरोबर होती. दोनदा वाचली, चूक सापडली नाही.

२४ मार्च, सोमवार

हिला पत्रिका दाखवली. ओशाळली. "माझं नाव कशाला? सांगा त्यांना काढायला."

"राहू दे. तुझंच आहे."

"ते गाणं माझं नाही हो."

"मग कोणाचं, पंख्याचं?"

हसू दाबत आत गेली. तिला हसू कसं येतं?

आज सकाळी आईला भरवताना मी एकही गाणं म्हटलं नाही. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चांगला हात माझ्या गालावर ठेवला आणि थापटला. आजारी मी आणि बरी ती, असं. मी चमचा पुढे केला. अजून घास आहेत म्हटलं.

२७ मार्च, गुरुवार

आज निस्तरलं सगळं. चष्मेवाल्यांना मेसेज केला — 'माझं गाणं मी परत घेत आहे. आता किंवा पुढे, मंडळात कोणीही ते म्हणू नये, ही विनंती.' तीन वेळा लिहून कापलं, शेवटी एवढंच ठेवलं. उत्तर नाही.

आणि रविवारची, वर्धापनदिनाची ड्युटी मागून घेतली. ज्याची होती तो आनंदाने उडालाच, "साहेब, तुमचा तर कार्यक्रम असतो ना त्या दिवशी?" म्हटलं, घरचे जातायत.

हिला सांगितलं. हिचा चेहरा पडला. खरंच पडला, मी बघत होतो.

"असं नका करू. बाकी कधी पण घ्या ड्युटी, हा रविवार नको."

"तुझं गाणं माझ्यावाचून अडणार आहे का?"

"माझं नाही अडणार," म्हणाली.

आत आईने काही तरी खाली पाडलं. बहुधा मुद्दामच.

२८ मार्च, शुक्रवार

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. आईला एकच शब्द येतो आणि आज तिघांत तीच जास्त बोलली.

प्रार्थना करायला बसलो. 'देवा'च्या पुढे काही सुचेना. मी देवाशी शुद्ध बोलतो, पूर्णविरामासकट. ही शेजारणीशी बोलावं तशी बोलते आणि मागितलेलं मिळवते. आई गायली — मीही तेच मागितलं होतं. तीन महिने, रोज. मिळालं, पण हिच्या नावावर जमा झालं. मला आई गायला हवी होती की माझ्यासमोर गायला हवी होती? प्रश्न लिहून ठेवतो. उत्तर देत नाही.

२९ मार्च, शनिवार

चष्मा घरी विसरलो. अर्ध्या वाटेवरून परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. चपला काढून हातात घेतल्या आणि आतून आवाज आला.

हिचा — "आई, सावकाश. प्रांगण कुठलं?"

"...गॅलरी." सुरात.

"कृतज्ञ कुठलं?"

"घास."

"ओंजळ?"

"पाणी."

"निरंतर?"

आई हसली. "पंखा!"

"आता सगळे एकत्र. तुमच्या लेकाच्या ओळीत. उद्या त्यांना दोघी मिळून आणू, मी आणते ओढून. म्हणा."

आणि आई म्हणाली. 'तुझ्या प्रांगणी कृतज्ञ ओंजळ' — धाप — 'घेऊन आहे उभा.' मी चपला हातात घेऊन दाराबाहेर उभा. दुसरी ओळसुद्धा आली, 'मंगल'पर्यंत. तिथे अडली. "तेच," म्हणाली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा 'मंगल', पुन्हा "तेच." हातही आपटला तिने. 'प्रभा'चं गाणं करायला हिला वेळच मिळाला नव्हता.

कच्चं गाऊ नये. माझ्यासमोर तर नाहीच.

चष्मा न घेता उतरलो. कोपऱ्यावरून हापिसात फोन केला, उद्याची ड्युटी परत दिली. मग चष्मेवाल्यांचं दुकान गाठलं. म्हटलं, माझा तो मेसेज...

"कुठला?" म्हणाले. "मी वाचलाच नाही. चष्मा नव्हता."

त्यांच्याच काउंटरवर, त्यांच्याच बिलाच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या. वृत्त नाही. जन्मात याहून बाळबोध काही लिहिलेलं नाही —

देवा, टेबलावरच्या दिव्याची प्रभा
आई बसली, बाळ्या उभा

"आत्ताच्या आत्ता घरी पोचवा," म्हटलं, "तुम्हाला सुचलंय म्हणून. नाव घालू नका."

उद्या सकाळी दहाला पंख्याचं गाणं सगळे म्हणतील. त्यानंतर आई एकटी गाईल, असं चष्मेवाल्यांनी सांगितलं. शेवटच्या शब्दावर अडण्याची शक्यता आहे. मी पहिल्या रांगेत असेन. मला यातलं काहीही माहीत नाही.